आबांची ट्रंक आणि रनटाइमच्या तीन आवृत्त्या

सहा लाख बेचाळीस हजार ओळी. हा आकडा सांगताना स्नेहलची मान आपोआप ताठ व्हायची, मग समोर ऑफिसातला साहेब असो नाहीतर भाजीवाली मावशी. खरं तर त्यातली एकही ओळ तिने टाइप केलेली नव्हती. ते काम तिच्या आईचं, अनिताचं, आणि सोमाटण्याच्या भजनी मंडळातल्या दहा बायकांचं. दुपारची भांडी आवरली की या अकरा जणी कानाला हेडफोन लावून कीर्तनाच्या जुन्या कॅसेटी ऐकायच्या आणि एकेक ओळ कॉम्प्युटरमध्ये घालायच्या. कोणते बुवा, कोणतं गाव, कोणता सप्ताह, कितव्या मिनिटाला कोणती ओळ. प्रत्येकीच्या रोज पन्नासेक ओळी. अशी चार वर्षं.

स्नेहलने केला होता तो त्या ओळी शोधणारा प्रोग्रॅम. त्याचं नाव तिने ‘प्रमाण’ ठेवलं होतं. कीर्तन ऐकणाऱ्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. निरूपण रंगात आलं की बुवा आपल्या बोलण्याला आधार म्हणून संतांची एखादी ओळ अर्धीच टाकतात, आणि मागे उभे असलेले टाळकरी ती वरच्यावर झेलून पुरी करतात. ते प्रमाण. स्नेहलच्या प्रोग्रॅममध्ये अर्धी ओळ घातली की पुरी ओळ समोर यायची, आणि तिच्याखाली ती ओळ कोणकोणत्या बुवांनी कुठे कशी उलगडून सांगितली त्याची यादी. यादीवर बोट ठेवलं की त्या बुवांचा आवाज घरात घुमायचा. पुष्कळ बुवा तर देवाघरी गेलेले. अनिताला पहिल्यांदा असा आवाज ऐकू आला तेव्हा तिने कॉम्प्युटरलाच हात जोडले होते.

आता एकच उणीव होती, आणि ती इंदुरीच्या रखमाजी आबांच्या घरात, एका लोखंडी ट्रंकेत होती.

आबा इंदुरीचे विणेकरी. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणापासून मावळातल्या प्रत्येक सप्ताहाला गळ्यात टेपरेकॉर्डर अडकवून जायचे. अकराशे चाळीस कॅसेटी त्यांनी भरल्या होत्या. त्यातल्या कितीतरी बुवांचा दुसरा एक शब्दही जगात कुठे उरलेला नव्हता. गेल्या वर्षी त्यातल्या चाळीस कॅसेटींवर पांढरी बुरशी दिसली, तेव्हा अनिता आबांकडे गेली, पाया पडली आणि ट्रंक मागितली. आबा म्हणाले, “न्हाई. शहरातनं एक जण आलता, सहा कॅसेटी घेऊन गेला. त्यो बी परत आला न्हाई आन्‌ कॅसेटी बी न्हाईत. नेऊन कपाटात निजवायच्या असतील तर माझी ट्रंक काय वाईट हाय? तुमचं मशीन कीर्तनाला साथ करतं म्हणता ना? मग साथ करून दावा. देतो.”

अटही त्यांनीच घातली. इंदुरीच्या देवळातल्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लावायचा, कारण उद्या वापरायचा तो तिथेच. आबा अर्धी ओळ टाकतील, अनिताने ती टाइप करायची. तिने एंटर दाबलं की पखवाजावर भजनी ठेक्याचं एक आवर्तन वाजेल. सम यायच्या आत पुरी ओळ दिसली पाहिजे. म्हणजे दोन सेकंदांचा खेळ. एकदा जरी सम चुकली तरी ट्रंक जागच्या जागी.

स्नेहलला ही अट सोपी वाटली. ती लोणावळ्याला, तुंगार्लीतल्या एका बंगल्यात चालणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होती, आणि प्रोग्रॅमचा वेग मोजणं हे तिचं पोटापाण्याचं काम. फक्त एक गोष्ट ठरवायची राहिली होती. प्रोग्रॅम रनटाइमच्या कोणत्या आवृत्तीवर चालवायचा.

“रनटाइम म्हंजे काय गं?” तिचे वडील कैलास यांनी विचारलं. तळेगावच्या कंपनीत दिवसभर मशीनवर उभं राहायचं आणि संध्याकाळी पखवाजाला कणीक लावायची, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम.

“आप्पा, प्रोग्रॅम म्हणजे कीर्तनकार समजा. तो एकटा उभा राहत नाही. मागे टाळ, पखवाज, वीणा लागते. ती साथ म्हणजे रनटाइम. कीर्तनकार तोच, कीर्तन तेच, पण साथीला माणसं वेगळी.”

“कळलं, कळलं. साथ कच्ची असली तर बुवा कितीबी मोठा असू दे, कीर्तन पडतं.”

“बरोब्बर. आता बघा.” तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. आवृत्ती आठ, सतरा आणि एकवीस. प्रत्येकीवर हजार ओळी शोधून पाहिल्या होत्या. आठवर एका ओळीला सरासरी दोनशे चाळीस मिलिसेकंद, सतरावर एकशे तीस, एकविसावर फक्त ऐंशी. “हजार मिलिसेकंदांचा एक सेकंद. म्हणजे पापणी लवायच्या आत ओळ हजर. तुमचा ठेका सुरू व्हायच्या आधी उत्तर आलेलं असेल.”

कैलास आकड्यांकडे बघत राहिले. त्यांना त्यातलं फार कळलं नाही, पण लेकीचा चेहरा कळला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी चौघांना तरी सांगितलं, की आमच्या स्नेहलचं मशीन पापणी लवायच्या आत उत्तर देतं.

रविवारी दुपारी इंदुरीच्या देवळात तीस-चाळीस माणसं जमली. मार्गशीर्ष लागलेला, भाताची झोडणी उरकलेली, त्यामुळे माणसं मोकळी होती आणि चेष्टेच्या तयारीने आली होती. सभामंडपाच्या कोपऱ्यात देवळाचा कॉम्प्युटर. पडद्याला कुणीतरी हळदकुंकू लावून ठेवलेलं. स्नेहलने आदल्या दिवशीच त्यावर एकविसावी आवृत्ती लावली होती, आणि ती जुनीपेक्षा तिप्पट वेगवान आहे असं जमलेल्यांना सांगूनही टाकलं होतं. अनिता पदर खोचून बसली. कैलास पखवाज घेऊन बाजूला. समोर टाळकरी, आणि त्यांच्यात सगळ्यात पुढे माऊली नावाचा धिप्पाड शेतकरी. टाळ वाजवताना त्याचं तोंड जेवढं देवाकडे असायचं, तेवढंच लोकांकडे.

आबांनी पहिली ओळ टाकली. टक्‌ टक्‌ टक्‌, एंटर, ठेका, आणि सम यायच्या कितीतरी आधी ओळ झळकली. माणसांनी मान डोलावली. दुसरी ओळ तशीच. तिसरीला माऊली म्हणाला, “आयला, हे तर आमच्या पोटावर पाय देतंय!” हशा झाला. स्नेहल हात मागे बांधून उभी होती, आणि ते हात मागे असण्यात ऐट होती हे तिलाही ठाऊक होतं.

चौथी ओळ. अनिताने एंटर दाबलं. कैलासांनी हात टाकला. पडदा थिजला. धा... धिन्‌... सम आली, पखवाज थांबला, आणि पडदा तसाच. एक क्षण. दुसरा क्षण. टाळकऱ्यांनी राहवेना म्हणून आपणच ओळ पुरी केली, आणि त्यांचं म्हणून झाल्यावर पडद्यावर ती ओळ उमटली.

“आलं, आलं!” माऊली ओरडला. “पंगत उठल्यावर वाढपी आला!”

सगळा मंडप हसला. माऊलीला उत्साह आवरेना. “कैलासभाऊ, लेकीसाठी ठेका जरा लांबवायचा की हो! आपल्याच घरचं काम!”

कैलास हसले नाहीत. “ठेका लांबवीन त्या दिवशी पखवाज खुंटीला टांगीन,” एवढंच म्हणाले.

आबांनी वीणा खांद्यावर सरळ केली. “तीन येळा चांगलं चाललं, पोरी. पर चौथ्याला थांबलं. कीर्तनात बुवा चौथ्याला थांबला तर आधीचं तीन कोण ध्यानात ठेवतंय?” मग तिचा चेहरा बघून आवाज जरा खाली आणला. “म्होरच्या रविवारी या. आनखी एक डाव. त्याच्याम्होरं न्हाई. माझ्यापाशी लई दिस ऱ्हायलं न्हाईत.”

सोमवारी तुंगार्लीच्या बंगल्यात स्नेहल सकाळपासून पडद्यात डोकं घालून बसली होती. शेजारच्या टेबलावरच्या उमेशने जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाट पाहिली. उमेश लोणावळ्यावरच्या डोंगरातल्या एका वाडीचा. ग्राहकांकडची मोडकी, जुनी मशीनं चालती करण्यात त्याचा हात धरणारं कंपनीत कुणी नव्हतं. डबा उघडत त्याने विचारलं, “काय बिघडलं?”

तिने सगळं सांगितलं, अगदी ऐंशी मिलिसेकंदांच्या सरासरीसह.

“सरासरी!” उमेशने कपाळावर हात मारला. “अगं, आमच्या वाडीच्या फाट्यावर एसटी सरासरी वेळेवरच येते. ज्या दिवशी आली नाही, त्या दिवशी डोंगर उतरून चालत आलेल्याला विचार सरासरी. तू सगळ्यात मोठा खोळंबा मोजलास का?”

“नाही.”

“बरं. मोजलंस कुठे?”

“माझ्या लॅपटॉपवर.”

“त्याची मेमरी किती आणि देवळातल्याची किती?”

“माझी सोळा जीबी. देवळातला... दोन.” सांगतानाच तिचा आवाज उतरला.

उमेश आता चिडवायचं सोडून गंभीर झाला होता. “आणि शोधल्यास त्या ओळी कशा निवडल्या होत्यास?”

“यादीतून. प्रत्येक ओळीचे पहिले तीन शब्द.”

“तुमचे बुवा अर्धी ओळ टाकतात ती पहिल्या शब्दापासून?”

स्नेहलने हातातला घास डब्यात ठेवला. आईच्या पोटात असल्यापासून ती कीर्तन ऐकत आली होती. लहानपणी मंडपातल्या सतरंजीवर झोपायची, तीही प्रमाणाच्या गजरात. बुवा प्रमाण उचलतात ते मधून. तिसऱ्या चरणातून, कधी नुसत्या शेवटच्या दोन शब्दांवरून. अभंगाच्या सुरुवातीपासून कुणी सुरू केलं तर टाळकरीच म्हणतील, की बुवा नवखे दिसतात. हे सोमाटण्याच्या शेंबड्या पोरालाही माहीत. आणि तिने मात्र कॉम्प्युटरला शोभेल अशी, नीटनेटकी, पहिल्या शब्दांची परीक्षा घेतली होती.

संध्याकाळी तिने घरी हे कबूल केलं, तेव्हा ओटीवर भजनी मंडळाच्या तिघी-चौघी बसलेल्या होत्या. त्यांच्यातल्या सविताने तोंडावर पदर धरला. “अनितावहिनी, ऐकलं का? लेक कॉम्प्युटर शिकली आन्‌ कीर्तन इसरली.”

“हस बाई, हस,” स्नेहल म्हणाली. “पण आता मदत कर. मला ओळी पाहिजेत. यादीतल्या नकोत, तुमच्या तोंडातल्या पाहिजेत. जशी आठवेल तशी, अर्धी, मधूनच.”

बायकांना असं काम सांगायचा अवकाश. दोन दिवस अनिताच्या मोबाइलला उसंत नव्हती. भाकरी थापताना, गोठ्यात, बचतगटाच्या मीटिंगला जाताना, जिला जी ओळ आठवली ती तिने बोलून पाठवली. काही ओळींच्या मागे कुकरची शिट्टी, काहींच्या मागे म्हशीचं हंबरणं. बुधवारपर्यंत दोन हजार तीनशे अर्ध्या ओळी जमल्या. त्यातल्या दहातल्या नऊ मधूनच उचललेल्या होत्या.

दुखणं कुठे आहे ते आता स्नेहलला उमगत गेलं. पहिल्या शब्दावरून शोधायचं तर प्रोग्रॅमला सरळ त्या पानावर जाता येत होतं. मधल्या शब्दांवरून शोधायचं तर सहा लाख बेचाळीस हजार ओळी प्रत्येक वेळी पहिल्यापासून चाळाव्या लागत, आणि त्या चाळणीत मेमरीमध्ये तुकड्यांचा ढीग साचत जाई. तो ढीग झाडून काढणं रनटाइमचं काम. तिच्या ऐसपैस लॅपटॉपवर रनटाइम थोडंथोडं, एकेक कोपरा झाडत होता, कीर्तन चालू ठेवून. देवळातल्या मशीनची जागा अपुरी बघितल्यावर त्याने न विचारताच दुसरी रीत धरली होती. आधी सगळं थांबवायचं, मग एकदम झाडायचं. ऐन निरूपणात सगळ्या श्रोत्यांना उठवून मंडप झाडायला घ्यावा, तसं.

शनिवारी सुट्टी होती. सकाळी आठलाच ती इंदुरीला पोहोचली. देवळाची किल्ली आबांकडे. त्यांनी कुलूप काढून दिलं आणि निघून जायच्या ऐवजी खांबाला टेकून बसले. स्नेहलने काम सुरू केलं. आठवी आवृत्ती लावायची, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा, बायकांच्या ओळी त्याला घालायच्या, वेळा टिपायच्या. मग सतरावी. मग एकविसावी. मग पुन्हा पहिल्यापासून, एकूण तीनदा.

तासाभराने आबांना राहवलं नाही. “तेच तेच काय करतीस गं?”

“एकदा आलेलं उत्तर नशिबानं पण आलेलं असतं, आबा. तीनदा तेच आलं की ते खरं.”

“आन्‌ सुरवातीला ते खोडतीस काय?”

“पहिल्या शंभर ओळी मी धरत नाही. रनटाइम नुकताच उठलेला असतो, तो सुरुवातीला अडखळतो. चालत गेला की मग मोकळा होतो.”

आबा हे ऐकून पुढे सरकले. “व्हय, व्हय. पहिल्या भजनाला गळा लागतच न्हाई. आमी बी दोन भजनं नुसती गळा तापवायलाच म्हणतो.” त्यांनी पडद्याकडे पहिल्यांदा ओळखीने पाहिलं. “यालाबी गळा हाय म्हण की.”

दुपारी जेवायच्या वेळेला कागदावर दोन रकाने तयार होते. एक सरासरीचा, दुसरा झाडताना होणाऱ्या सगळ्यात मोठ्या खोळंब्याचा. देवळाच्या मशीनवर, आपापल्या मर्जीने झाडू दिलं तर आठवीचा मोठा खोळंबा तीन सेकंद, सतरावीचा पावणेतीन, एकविसावीचा अडीच. म्हणजे तिघीही नापास. जिच्यावर तिने आठवडाभर आधी ऐट मिरवली होती तीसुद्धा. मग तिने तिन्ही आवृत्त्यांना हुकूम देऊन ठेवला, की इथे जागा कमी असली तरी थोडंथोडंच झाडायचं, काम थांबवायचं नाही. आता आठवीचा खोळंबा एका सेकंदावर आला, सतरावीचा अर्ध्याच्या खाली, आणि एकविसावीचा पाव सेकंदावर. त्या बदल्यात सरासरी मात्र वाढली होती. ऐंशीचा तो सुंदर आकडा कुठल्या कुठे गेला होता, तिथे आता दोनशे तीस होते.

स्नेहलने त्या दोनशे तीसकडे जरा वेळ पाहिलं. हा आकडा कॅन्टीनमध्ये सांगण्यासारखा नव्हता. पण दोन हजार तीनशे ओळींत, तीनदा मोजून, तो एकदाही कुणाला ताटकळत ठेवणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी देवळात आधीपेक्षा दुप्पट माणसं. गेल्या रविवारची गंमत गावभर झालेली. आबांनी वीणा घेतली, आणि ओळ टाकणार एवढ्यात स्नेहल पुढे आली.

“आबा, आधी मला दोन शब्द बोलू द्या. गेल्या वेळी मी सगळ्यांना सांगितलं होतं, की ही नवी आवृत्ती तिप्पट वेगवान आहे. ते मी चुकीचं मोजलं होतं. माझ्या मोठ्या मशीनवर मोजलं आणि ओळीही चुकीच्या घेतल्या. आज तीच आवृत्ती आहे, पण तिला शिस्त लावून आणलीय. ती मागच्यासारखी झटकन नाही येणार. पण थांबणार नाही.”

मंडपात कुजबुज झाली. कैलास पखवाजाची वादी चाचपत होते, ते मान वर न करता तसेच चाचपत राहिले. पण अनिताने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं, की नवऱ्याचे डोळे भरून आलेत. लेक पहिली आली तेव्हाही ते असे भरले नव्हते.

“चुकलं म्हणून सांगाया बी छाती लागती,” आबा म्हणाले. “हं. घे, अनिता.”

ओळी पडू लागल्या. पहिली, चौथी, नववी. चौथीला सगळ्यांनी श्वास धरला होता. ती समेच्या आत आली तेव्हा मागून कुणीतरी टाळी वाजवली. आबा आता मुद्दाम अवघड टाकू लागले. शेवटचे दोन शब्द. मधले तीन. कधी एकापाठोपाठ एक, दम न घेता. अनिताची बोटं चालत होती, कैलासांचा ठेका घड्याळासारखा, ना पुढे ना मागे. वीस झाल्या. तीस झाल्या. माऊली टाळ वाजवायला लागला होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण ओळ पडद्यावर आली की टाळकरी ती उचलायला लागले, आणि देवळात बघता बघता खरोखरीचं कीर्तन उभं राहिलं. मशीन ओळ द्यायचं, माणसं ती गायची. पन्नासावी ओळ गाऊन झाली तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हात वर करून डुलत होत्या.

मग आबा थांबले. त्यांनी डोळे मिटले आणि हलक्या आवाजात तीन शब्द टाकले.

“थांबलो मी जेथे...”

अनिताने टाइप केलं. टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ही ओळ कुणालाच ठाऊक नव्हती. स्नेहलला एक गोष्ट माहीत होती आणि ती मंडपात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. ओळ असेल तर ती मिळेल तिथे शोध थांबतो. ओळ नसेल तर मात्र सहा लाख बेचाळीस हजारांतली एकूणएक चाळून संपवावी लागते, आणि शब्द थोडे इकडेतिकडे झाले असतील म्हणून जवळपासच्या ओळीही पाहाव्या लागतात. नाही म्हणणं हे या प्रोग्रॅमचं सगळ्यात जड काम. बायकांच्या दोन हजार तीनशे ओळींत न सापडणाऱ्या जेमतेम चार होत्या.

एंटर. कैलासांचा हात पडला. ठेका निम्म्यावर आला. पडदा कोरा. धिन्‌... स्नेहलने डोळे मिटून घेतले, आणि समेचा धा वाजायच्या आधी तिला आईचा श्वास सुटलेला ऐकू आला.

पडद्यावर दोन शब्द होते. सापडली नाही.

“गेलं!” माऊली म्हणाला, पण या वेळी त्याच्या आवाजात हळहळ होती. “अरारा, एक्कावन्नाव्याला गेलं.”

आबांनी हात वर केला. “गप ऱ्हा. गेलं न्हाई. तुला आली का ही ओळ?”

“न्हाई, आबा.”

“मंग?” आबा सगळ्यांकडे वळले. “मला एवढंच बघायचं हुतं. येखादा हुशारी करणारा असता तर त्यानं जवळपासची दुसरीच ओळ ढकलली असती माझ्याम्होरं. ह्यानं सम गाठली, आन्‌ खरं सांगितलं, की न्हाई माझ्यापाशी. न्हाई म्हणायला बी येळ लावला न्हाई.” मग त्यांनी वीणेवर बोट फिरवलं, आणि ऐंशी वर्षांच्या गळ्यातून ती ओळ पुरी केली.

“डोंगर चढता, थांबलो मी जेथे, देव बसे तेथे, आधीचाच.”

टाळकऱ्यांनी टाळ खाली ठेवले.

“बुधाबुवा,” आबा म्हणाले. “वरच्या वाडीचा. लिवाया-वाचायला येत नव्हतं त्याला. लाकडाची मोळी उतरवून ठेवायचा आन्‌ कीर्तनाला उभा ऱ्हायचा. स्वतःच्या मनानं जोडायचा हे असलं. त्याला जाऊन पस्तीस वर्सं झाली. त्याचं कीर्तन कुठल्या पुस्तकात न्हाई, कुणाच्या मोबाइलात न्हाई. माझ्या ट्रंकंत हाय. सात कॅसेटी.”

त्यांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली. किल्ली अनिताच्या हातात द्यायची की स्नेहलच्या, असा क्षणभर विचार केला आणि दोघींचे हात एकत्र धरून त्यांवर ठेवली. “माऊली, उठ. चौघं जा घरी आन्‌ ट्रंक उचलून आना. जपून रं, आदळू नका. तुझ्या नांगराचं फाळ न्हाईत त्ये.”

“आबा, माझ्या पाठीवरच आणतो की,” माऊली म्हणाला आणि खरंच धावत सुटला.

कैलास पखवाज बाजूला ठेवून लेकीजवळ आले. म्हणाले, “दोनशे तीस ना? उद्या कॅन्टीनमध्ये दोनशे तीसच सांगतो.”

“सांगा, आप्पा. आणि सगळ्यात मोठा खोळंबा पाव सेकंद, तेही सांगा.”

अनिताने डोळे पुसले, चष्मा नीट केला आणि नवी नोंद उघडली. कीर्तनकाराच्या रकान्यात तिने बुधाबुवा असं लिहिलं. “आबा, वाडीचं नाव सांगा. आणि सप्ताह कोणता होता?”

आबांनी वीणा दुसऱ्या विणेकऱ्याच्या गळ्यात घातली, खांबाजवळचं पोतं ओढून घेतलं आणि गुडघ्यावर हात टेकत तिच्या शेजारी, पडद्यासमोर बसले. “लिव,” ते म्हणाले. “नाव सांगतो. पर आधी त्याच्या म्होरच्या तीन ओळी घे. त्या मला पाठ हायेत.”